ईस्टर म्हणजे रीसेट नव्हे

(आमच्या ईस्टर विशेष एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. अडखळणं, पाण्याचे घोट आणि मागून येणारा कुत्र्यांचा आवाज तेवढा काढून टाकलाय.)

इयरफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर दरवाज्यातून थोडं आत सरका, आणि भांडी घासत असाल तर चालू द्या. आजचा एपिसोड जरा वेगळा आहे. पाहुणे नाहीत, मी एकटीच आहे. आणि जी गोष्ट सांगणार आहे ती सांगायला मी जवळजवळ वर्ष घेतलंय.

आधी थोडं सणाबद्दल, कारण दर वर्षी ऑफिसमध्ये कुणीतरी मला "हॅपी गुड फ्रायडे" म्हणतंच. [हसते] म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, त्यामुळे मी "थँक यू" म्हणते. पण गुड फ्रायडे हा येशूला क्रुसावर मारलं तो दिवस, आमचा दुःखाचा दिवस. आनंदाचा दिवस त्यानंतरचा रविवार, म्हणजे ईस्टर. येशू मरणातून उठला, तो पुनरुत्थानाचा सण.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "तुमच्या ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते गं?" कारण ती चंद्रावर ठरते. २१ मार्च हा वसंत संपाताचा दिवस धरायचा, त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा बघायची, आणि पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. या वर्षी हनुमान जयंती २ एप्रिलला आहे आणि ईस्टर ५ एप्रिलला. तुमच्या घरच्या कॅलेंडरवर ती पौर्णिमा छापलेली असतेच, फक्त आपण दोघं ती वेगवेगळ्या कारणांनी बघतो.

मी वसईची. केळीच्या वाड्या, विहिरी, आणि घरात आजीची सामवेदी बोली, त्या भागातली. शिक्षण बीटेक, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमधली. लहानपणापासून ईस्टरचा अर्थ मला पाठ होता. धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारलं की हात वर करून सांगायचे, "नवं जीवन!" पेपरात लिहिलं तर पूर्ण मार्क मिळतील असं उत्तर. मोठी झाल्यावर मी त्याचं माझ्या भाषेत भाषांतर केलं होतं: ईस्टर म्हणजे फॅक्टरी रीसेट. चाळीस दिवस उपास करा, मटण सोडा, जमलं तर इन्स्टाग्राम सोडा, गुड फ्रायडेला रडा, आणि रविवारी सगळं कोरं. जुना डेटा गेला, फोन नवा.

हे भाषांतर चुकीचं होतं, हे मला २०२५ च्या ईस्टरला कळलं. कसं, ते सांगते.

त्याआधी मला २०२४ च्या पावसाळ्यात जावं लागेल.

आमच्या टीममध्ये एक नवा मुलगा आला होता. मराठवाड्यातला, घरातला पहिला इंजिनिअर. कॉलवर मला "मॅम" म्हणायचा आणि चहाला गेलो की "ताई". प्रोबेशनवर होता, म्हणजे सहा महिने काम बघून मग नोकरी पक्की होणार. आणि त्याचं काम तपासायची जबाबदारी माझी होती.

एके रात्री त्याला एक स्क्रिप्ट चालवायची होती. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्राहकांच्या नोंदींमध्ये एक दुरुस्ती एकदम हजारो ठिकाणी करणारा छोटा प्रोग्रॅम. असा प्रोग्रॅम चालवण्याआधी दुसऱ्या माणसानं तो ओळ न् ओळ वाचायचा असतो. तो दुसरा माणूस मी. त्यानं संध्याकाळी मला चॅटवर स्क्रिप्ट पाठवली आणि विचारलं, "ताई, एकदा बघता का? आज रात्री चालवायची आहे." मी मैत्रिणीच्या वाढदिवसाला हॉटेलात होते. स्टार्टर आले होते. मी मेसेज बघितला, फाइल उघडली नाही, आणि अंगठा पाठवला. तो पिवळा अंगठा. झालं.

स्क्रिप्टमध्ये एक अट राहून गेली होती. काही हजार ग्राहकांचे पत्ते चुकीचे होऊन बसले. रात्री दोन वाजता सगळे कॉलवर. बॅकअप होता, त्यामुळे पहाटेपर्यंत डेटा परत आला. नुकसान आटोक्यात राहिलं. पण कॉलवर प्रश्न आला, "हे रिव्ह्यू कुणी केलं होतं?"

आणि मी म्हणाले, "सिस्टीममध्ये माझं अप्रूव्हल नाहीये."

हे वाक्य शब्दशः खरं होतं. अप्रूव्हल अधिकृत टूलमध्ये द्यायचं असतं, आणि तिथे मी काहीच दिलं नव्हतं. अंगठा चॅटमध्ये होता. तो मुलगा कॉलवरच होता. त्याचा माइक म्यूट होता. तो काही बोलला नाही.

दोन दिवसांनी अशा घटनेचा लेखी अहवाल द्यावा लागतो, काय झालं आणि का झालं याचा. तो मी लिहिला. त्यात मी लिहिलं की ठरलेली प्रक्रिया न पाळता स्क्रिप्ट चालवण्यात आली. मराठीत कर्मणी प्रयोग असतो ना, तसा इंग्रजीतही असतो. फार सोयीचा. कर्ता लिहावा लागत नाही.

आणि साधारण महिन्याभरानं वरिष्ठांनी कँटीनमध्ये चहा घेता घेता मला विचारलं, "त्याचं प्रोबेशन संपतंय. तुझं काय मत?" मी म्हणाले, "हुशार आहे. पण जबाबदारीची जाणीव अजून आलेली नाही."

[थांबते]

त्याची नोकरी पक्की झाली नाही. शेवटच्या दिवशी तो डेस्कवर येऊन म्हणाला, "येतो ताई." मी म्हणाले, "ऑल द बेस्ट, टचमध्ये राहू." आणि मी पुढच्या मीटिंगला गेले.

तुम्हाला वाटेल की त्यानंतर मला झोप लागली नसेल. खोटं कशाला सांगू, लागली. चांगली लागली. फक्त चॅटमधलं त्याचं नाव वर आलं की मी पटकन दुसरं काहीतरी उघडायचे. बाकी सगळं सुरळीत होतं. रविवारी मिस्सा चालू, प्रार्थना चालू. मिस्सा म्हणजे आमची रविवारची उपासना.

आता २०२५ चा एप्रिल. गुड फ्रायडे १८ तारखेला होता. लाँग वीकेंड, म्हणून मी गुरुवारी रात्री पुण्याहून दादर आणि तिथून विरार लोकल पकडून घरी आले. त्या दिवसांत आमच्याकडे एक वेगळीच शांतता असते. गुरुवार संध्याकाळच्या मिस्सेनंतर चर्चच्या घंटा वाजत नाहीत, त्या थेट शनिवारी रात्री. दुपारी घरात पेज आणि लोणचं. आजी रेडिओसुद्धा लावू देत नाही.

गुड फ्रायडेच्या उपासनेत योहानाच्या शुभवर्तमानातला दुःखसहनाचा वृत्तान्त वाचतात. दर वर्षी योहानाचाच. वाचन लांब असतं, म्हणून माणसं वाटून घेतात: एक जण येशूचे शब्द वाचतो, एक जण निवेदक, एक जण बाकीच्यांचे संवाद. त्या वर्षी निवेदकाचं वाचन माझ्याकडे आलं. माझा आवाज बरा आहे म्हणे. [हसते] तुम्ही ऐकताय, तुम्हीच ठरवा.

घरी एकदा वाचून बघावं म्हणून मी आजीच्या कपाटातलं 'सुबोध बायबल' काढलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी केलेलं भाषांतर. ते आमच्या वसईचेच, नंदाखालचे. २०२० मध्ये धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, मराठी साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष. त्यांच्या भाषेत शुभवर्तमान आजीच्या बोलण्याइतकं जवळचं वाटतं. पण मी ते उच्चार नीट यावेत म्हणून चाळलं. अर्थ काय, तो तर पाठच होता.

दुपारी तीनची वेळ. चर्च गच्च, पंखे फिरताहेत आणि तरी घामाच्या धारा. मी माइकसमोर उभी. आणि पेत्राचा भाग आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पेत्र हा येशूचा सगळ्यात जवळचा शिष्य. पेत्र म्हणजे खडक, हे नाव त्याला येशूनंच दिलेलं. जेवताना तो छातीठोकपणे सांगतो की तुझ्यासाठी मी जीव देईन. त्याच रात्री येशूला अटक होते. पेत्र मागोमाग प्रमुख याजकाच्या वाड्यापर्यंत जातो. थंडी असते, म्हणून नोकरांनी आणि शिपायांनी अंगणात कोळसे पेटवलेले असतात. पेत्रही तिथे उभा राहून शेकत असतो. आणि त्याला तीनदा विचारलं जातं की तू त्याच्यापैकीच ना? तीनदा तो नाही म्हणतो. मग कोंबडा आरवतो.

हे मी शंभरदा तरी ऐकलं असेल. पण त्या दिवशी ते माझ्याच तोंडून माइकमधून बाहेर पडत होतं, आणि मला एक गोष्ट पहिल्यांदाच दिसली. पेत्राला पहिल्यांदा विचारणारी दारावरची एक मोलकरीण आहे. ती न्यायाधीश नाही. तिच्या हातात तलवार नाही. पेत्राचा खटला चाललेलाच नाही. "हो" म्हटलं असतं तर त्या क्षणी फार तर त्याला त्या शेकोटीपाशी उभं राहता आलं नसतं. चार लोकांच्या घोळक्यात, उबेत, आपल्यावर कुणाची नजर नाही, एवढ्यासाठी तो नाही म्हणाला.

मी त्या कॉलवर "माझं अप्रूव्हल नाहीये" म्हणाले तेव्हा मला तरी कुणी फाशी देणार होतं का? फार तर बोलणी बसली असती. रेटिंग थोडं घसरलं असतं. मला फक्त उबेत राहायचं होतं.

कॉल, अहवाल, कँटीन. मी मनात मोजलं आणि माझा आवाज अडकला. लोकांना वाटलं, पोरगी भावुक झाली. बाहेर आल्यावर दोन मावश्यांनी येऊन माझा हात दाबला, "कित्ती मनापासून वाचलंस गं." आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

शनिवारची रात्र. ईस्टरचं जागरण. कॅथलिक वर्षातली सगळ्यात मोठी उपासना हीच, नाताळपेक्षाही मोठी. चर्चमधले सगळे दिवे बंद करतात. बाहेर आवारात विस्तव पेटवतात. धर्मगुरू त्या नव्या विस्तवावर एक मोठी मेणबत्ती पेटवतात, तिला पास्काची मेणबत्ती म्हणतात. त्याआधी तिच्यावर क्रूस कोरतात, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, आणि चालू वर्षाचे चार आकडे. त्या रात्री २, ०, २, ५. आणि धुपाचे पाच दाणे त्या मेणबत्तीत खोचतात. पाच दाणे म्हणजे येशूच्या पाच जखमा.

हे लक्षात ठेवा. आनंदाच्या रात्रीचा पहिला दिवा, आणि त्याच्यात जखमा खोचलेल्या.

मग ती मेणबत्ती अंधारात आत जाते, आणि तिच्यावरून एकेकाची छोटी मेणबत्ती पेटत पेटत सगळं चर्च उजळतं. शेजारच्या अनोळखी माणसाकडे आपली वात वाकवायची. मेण बोटावर सांडतं. लहान मुलं मुद्दाम सांडवतात. नंतर घंटा वाजतात, सहा आठवडे न गायलेला 'आलेलुया' परत येतो. आणि मग येतो तो भाग, ज्याला आम्ही स्नानसंस्काराच्या वचनांचं नूतनीकरण म्हणतो. स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा. बाळ असताना आपल्या वतीनं आईवडिलांनी दिलेली वचनं, आता आपण पेटती मेणबत्ती हातात धरून स्वतः द्यायची. धर्मगुरू विचारतात: वाइटाचा त्याग करता का? त्याच्या सगळ्या कृत्यांचा? त्याच्या पोकळ दिखाव्याचा? आणि सगळं चर्च एका सुरात उत्तर देतं.

"दिखावा" या शब्दावर मी अडले. तो अहवाल. कर्ता नसलेली ती वाक्यं. आजूबाजूला सगळे "हो" म्हणाले. मीही म्हणाले असेन, ओठ हलले खरे. नंतर पवित्र पाण्याचे थेंब अंगावर पडले आणि आईनं हसून माझ्याकडे बघितलं. घरी येऊन सगळ्यांनी केक खाल्ला. मी मनात म्हटलं, आता कोरं झालं असेल. रीसेट. नवं जीवन.

सोमवारी सकाळी पुण्यात लॅपटॉप उघडला. चॅटमध्ये शोधलं. अंगठा तिथेच होता.

आता मला तुम्हाला एक माहिती द्यायची आहे, जी माझ्या डोक्यात तोवर कधी नीट बसली नव्हती. लेंटचे चाळीस दिवस सगळ्यांना माहीत असतात. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावली की मोजायला सुरुवात. पण ईस्टरचा काळ पन्नास दिवसांचा असतो. ईस्टरच्या रविवारपासून पेंटेकॉस्टच्या रविवारपर्यंत. उपासापेक्षा सण मोठा आहे! आपण मात्र रविवारी बिर्याणी खाऊन सोमवारी तो संपवतो. जुन्या लोकांनी हे पन्नास दिवस का ठेवले असतील? मला वाटतं, नवं व्हायला वेळ लागतो हे त्यांना माहीत होतं. सोडणं चाळीस दिवसांत जमतं. उठून उभं राहायला जास्त लागतात.

ईस्टरच्या पुढच्या रविवारी दर वर्षी थोमाची गोष्ट वाचतात. २०२५ मध्ये तो रविवार २७ एप्रिलला होता. थोमा म्हणतो, त्याच्या हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. आपण त्याला "संशयी थोमा" म्हणून मोकळे होतो. मी त्या दिवशी दुसऱ्याच गोष्टीवर अडकले. खुणा होत्या! मरणातून उठलेल्या देहावर जखमा तशाच. ज्यानं मरण मागे टाकलं त्याला दोन-चार व्रण पुसायला काय अवघड होतं? पण तो त्या दाखवतो. हात पुढे करतो. म्हणजे पुनरुत्थानात सुद्धा जुना डेटा डिलीट झालेला नाही. माझं फॅक्टरी रीसेटचं भाषांतर तिथेच कोसळलं.

त्याच्या आदल्या दिवशी मी पापनिवेदनाला गेले होते, म्हणजे कन्फेशनला. लेंटमध्येही गेले होते बरं का. तेव्हा सांगितलं होतं, आईशी उद्धट बोलले, दोन रविवार मिस्सा चुकवली. या वेळी हे सांगितलं. जाळीपलीकडचे फादर बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, काहीतरी प्रार्थना सांगतील, पाचदा म्हण, दहादा म्हण. ते म्हणाले, "देवाची क्षमा मागायला आलीस, चांगलं केलंस. त्या मुलाचं काय?"

मी म्हटलं, "तो आता दुसरीकडे असेल फादर. जुनी गोष्ट झाली."

ते म्हणाले, "जुनी तुझ्यासाठी."

क्षमेची प्रार्थना त्यांनी म्हटली. पण त्याआधी माझ्याकडून कबूल करून घेतलं की त्याचं जे देणं लागतेस ते तू देशील. चोरलेली वस्तू परत केल्याशिवाय पश्चात्ताप पुरा होत नाही, आणि मी त्याचं नाव चोरलं होतं.

तरी आठवडाभर मी फोन केला नाही. ड्राफ्ट लिहायचे, पुसायचे. मग आला ४ मे, ईस्टरचा तिसरा रविवार. आमच्या रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं. त्या वर्षीच्या चक्रात त्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय होता.

गोष्ट अशी. येशू उठलाय, पण पेत्र परत मासे मारायला गेलाय. रात्रभर जाळं रिकामं. पहाटे किनाऱ्यावर कुणीतरी उभा दिसतो. तो सांगतो, जाळं होडीच्या उजव्या बाजूला टाका. जाळं इतकं भरतं की ओढवत नाही. मोठे मासे १५३, योहानानं आकडासुद्धा दिलाय. तो माणूस येशू आहे हे कळताच पेत्र अंगावर कपडा चढवून सरळ पाण्यात उडी मारतो. आमच्याकडे अर्नाळ्याला, पाचूबंदरला पहाटे होड्या किनाऱ्याला लागताना ज्यांनी बघितल्यात त्यांना हे चित्र लगेच दिसेल. आणि किनाऱ्यावर येशूनं नाश्ता तयार ठेवलाय. कोळशाच्या विस्तवावर मासे, आणि भाकर.

कोळशाचा विस्तव. तो शब्द ऐकला आणि मी बाकावर ताठ बसले. घरी येऊन शोधलं. मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे 'अँथ्राकिया'. शाळेत भूगोलात अँथ्रासाइट कोळसा शिकलो ना, त्याच कुळातला. अख्ख्या नव्या करारात हा शब्द फक्त दोनदा येतो. एकदा पेत्र नाही म्हणाला त्या अंगणात, आणि एकदा इथे, या किनाऱ्यावर.

म्हणजे बघा. येशू पेत्राला कुठल्यातरी नव्या कोऱ्या जागी भेटत नाही. तोच धूर, तोच वास, तीच धग. पेत्र ओल्या कपड्यांनी त्या विस्तवापाशी उभा राहिला असेल तेव्हा त्याच्या पोटात काय झालं असेल, याची मला त्या दिवशी कल्पना आली. आणि जेवण झाल्यावर येशू त्याला विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? तीनदा. जितक्यांदा तो नाही म्हणाला, तितक्यांदा. हाक मारतानाही पेत्र, म्हणजे खडक, असं म्हणत नाही, त्याच्या जुन्या नावानं मारतो: योहानाच्या मुला, शिमोना. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटतं. वाटणारच की!

आणि सगळ्यात महत्त्वाचं, येशू कुठेही "जाऊ दे, झालं गेलं" असं म्हणत नाही. "क्षमा केली" हे शब्दसुद्धा त्या प्रसंगात नाहीत. प्रत्येक उत्तरानंतर तो पेत्राला काम देतो. माझ्या कोकरांना चार, माझी मेंढरं सांभाळ. ज्यानं एका रात्री स्वतःला सांभाळलं आणि दुसऱ्याला सोडलं, त्याच्याच हातात आता दुबळे जीव सोपवतो.

त्या संध्याकाळी मी त्याला फोन लावला. उचलला नाही. मेसेज केला, "मला तुझ्याशी बोलायचंय. चूक माझी होती, ती मी लपवली." दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मी पाठ केलेलं सगळं बोलले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, माझ्याकडे स्क्रीनशॉट होता."

मी विचारलं, "मग दाखवला का नाहीस?"

तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही सांगाल."

[थांबते]

पुढे त्यानं सांगितलं की पाच महिने घरी होता. आता संभाजीनगरला एका ठिकाणी लागलाय, पगार आधीपेक्षा कमी. आणि त्याचे वडील अजून धरून चाललेत की पोरानं निष्काळजीपणा केला, मिळालेली नोकरी घालवली. मी म्हटलं, मी काय करू शकते? तो म्हणाला, "लिहून द्या. मराठीत द्या, बाबांना वाचता येईल असं."

मी पहिलं पत्र लिहिलं ते दीड पानाचं झालं. त्यात हॉटेल होतं, वाढदिवस होता, कामाचा ताण होता, मला किती वाईट वाटतंय ते होतं. वाचलं आणि फाडलं. ते पण उबेसाठीच लिहिलं होतं. दुसरं चार वाक्यांचं. तुमच्या मुलानं मला स्क्रिप्ट तपासायला दिली होती. मी ती न तपासता होकार दिला. नंतर मी ते लपवलं, म्हणून त्याची नोकरी गेली. यात त्याचा निष्काळजीपणा नव्हता, माझा होता. खाली नाव, सही, तारीख. पोस्टानं पाठवलं. चारही वाक्यांत कर्ता होता.

ऑफिसमध्येही लेखी दुरुस्ती दिली. पहिलं उत्तर आलं, "आता हे उकरून काय उपयोग?" तरी मी ती नोंदवायला लावली. त्याचे परिणाम झाले. काही महिने माझे रिव्ह्यूचे अधिकार काढून घेतले, आणि त्या वर्षीचं प्रमोशन गेलं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाहीये. माझं प्रमोशन गेलं, त्याचे पाच महिने गेले. हिशेब अजून बरोबरीत नाही.

तुम्ही विचाराल, मग त्यानं माफ केलं का? पत्र पोचल्यावर त्याचा एक शब्दाचा मेसेज आला: "मिळालं." त्यानंतर आमचं बोलणं नाही. नाताळला मी शुभेच्छा पाठवाव्यात असं मनात आलं, मग नाही पाठवल्या. माफ करायचं की नाही हा त्याचा प्रश्न आहे, त्याच्या वेळेनं. मी शुभेच्छा पाठवून त्याच्या दारावर टकटक करत राहणं म्हणजे पुन्हा त्याच्याकडूनच काहीतरी मागणं.

माझ्यात काय बदललं? खरं सांगायचं तर मी काही संत झाले नाही. आईशी अजून उद्धट बोलते. पण आता टीममध्ये नवीन कुणी आलं की त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसते आणि स्क्रिप्ट ओळ न् ओळ वाचते, त्याच्यासमोर. टूलमध्ये माझं नाव टाकते. आणि अंगठा पाठवत नाही. कुणालाच नाही. माझ्या मैत्रिणींना वाटतं मी रुसलेय. [हसते] कोकरं चारायला सांगितली होती, माझ्या वाट्याला ही आली.

या वर्षी शनिवारी रात्री मी परत वसईच्या त्या आवारात असेन. नवा विस्तव पेटेल, मेणबत्तीवर २, ०, २, ६ कोरतील, पाच दाणे खोचतील. धर्मगुरू तेच प्रश्न विचारतील. वचनांचं नूतनीकरण दर वर्षी का करायचं, हे मला आता थोडं कळतंय. सिम कार्डसारखं ते आपोआप रिन्यू होत नाही. दर वर्षी आपल्याला विस्तवापाशी नेतात आणि पुन्हा विचारतात. मागच्या वर्षी माझे नुसते ओठ हलले होते. या वर्षी मोठ्यानं म्हणायचा विचार आहे. थोडी भीती वाटते, पण म्हणेन.

तुम्ही ख्रिस्ती असा, नसा, मला एकच विचारायचंय. तुमच्या चॅटमध्ये असं एखादं नाव आहे का, जे वर आलं की तुम्ही पटकन दुसरं काहीतरी उघडता? असेल तर मी उपदेश करणार नाही, माझी ती लायकी नाही. फक्त एवढं सांगते, की पन्नास दिवस आहेत. घाई नाही. पण दिवस मोजलेले आहेत.

चला, थांबते. एपिसोड आवडला तर ज्याला ऐकवावासा वाटतो त्याला पाठवा. काही सांगायचं असेल तर नेहमीच्या नंबरवर व्हॉइस नोट टाका, नाव न सांगता टाकलीत तरी चालेल, मी सगळ्या ऐकते. आणि ५ एप्रिलला कुणी ख्रिस्ती मित्र भेटला तर त्याला "हॅपी ईस्टर" म्हणा. नंतर म्हणालात तरी चालेल. पेंटेकॉस्टपर्यंत सण चालूच असतो.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.